डाळ एकदाच शिजते

पहाटे ४.४५

फर्स्ट शिफ्ट सहाला लागते, म्हणजे साडेपाचला गाडी घराबाहेर निघालीच पाहिजे. भिलाईत ज्या घरात पोलाद कारखान्याची, म्हणजे प्लांटची नोकरी आहे, त्या घराचं घड्याळ शिफ्टवर चालतं. सहा ते दोन, दोन ते दहा, दहा ते सहा. शिफ्ट बदलली की जेवणाच्या वेळा बदलतात, डबा बदलतो, झोपही बदलते. हुडको वसाहतीत आमच्या गल्लीत या वेळेला कोणाच्या स्वयंपाकघरात दिवा लागलाय ते पाहिलं की आज कोण फर्स्टला आहे हे विचारावं लागत नाही.

हे रेल मिलमध्ये आहेत. देशभरातल्या रेल्वेचे रूळ इथून जातात. युनिव्हर्सल रेल मिलमध्ये तर १३० मीटर लांबीचा रूळ एकसंध निघतो. तापलेल्या लोखंडाच्या सोबतीने आठ तास काढणाऱ्या माणसाला डब्यात तर्री नको असते. पोळ्या, एक कोरडी भाजी, कांदा, लोणचं आणि गुळाचा खडा, एवढं पोटाला पुरतं आणि अंगालाही मानवतं.

पाऊण तासात हा डबा आरामात होतो. त्यासाठी अर्धं काम रात्रीच उरकलेलं असतं. मटार सोललेले, फ्लॉवरचे तुरे मिठाच्या पाण्यातून काढून निथळलेले, कणीक भिजवून फ्रिजमध्ये. उठल्यावर पहिलं काम म्हणजे कणीक बाहेर काढणं, कारण जानेवारीतली गार कणीक लाटताना आखडते. मग एका बर्नरवर कढई, दुसऱ्यावर तवा. कढईत जिरं, हिंग, हळद, वर फ्लॉवर आणि मटार. ताटलीचं झाकण ठेवून त्या ताटलीत पाणी घालायचं. वरच्या पाण्यामुळे ताटली फार तापत नाही, आतली वाफ तिला लागून गार होते आणि थेंबांनी पुन्हा भाजीत पडते. भाजी स्वतःच्याच ओलाव्यात शिजते, खाली लागत नाही आणि तेलही दोन चमच्यांत भागतं. मीठ-तिखट उतरवताना. तेवढ्यात पोळ्या होतात.

सकाळी ६.३०

आई, म्हणजे माझ्या सासूबाई, आंघोळ आटोपून देवघरात बसतात. मुलगा पांघरुणातूनच विचारतो, "आज काय?" आज चीला.

हा छत्तीसगडचा पदार्थ समोरच्या घरातून आमच्याकडे आला आणि मुरला. घरात तांदळाचं पीठ असलं की नाश्त्याची चिंता मिटते. एक वाटी पिठाला पावणेदोन वाट्या पाणी, मीठ, चिरलेली हिरवी मिरची आणि भरपूर सांबार. कोथिंबिरीला आम्ही नागपूरकडची माणसं सांबारच म्हणतो. पीठ दहा मिनिटं भिजू द्यायचं. ताकाइतकं पातळ असलं तरच चीला जाळीदार होतो. तांदळाचं पीठ तळाला बसतं, म्हणून प्रत्येक डावाआधी ते खालून ढवळून घ्यायचं. अर्धा कांदा काट्यात खोचून तेलात बुडवायचा आणि तापलेल्या तव्यावर फिरवायचा. पीठ कडेकडून मध्याकडे ओतायचं आणि झाकायचं. कडा तव्यापासून सुटल्या की उलटायचा.

सोबत पताल चटणी. टोमॅटोला इकडे पताल म्हणतात. ते गॅसच्या आचेवर साल काळी पडेपर्यंत भाजायचे, लसणीच्या पाकळ्या आणि दोन मिरच्याही तिथेच भाजून घ्यायच्या आणि मीठ-सांबार घालून खलात ठेचायचं. मिक्सरमध्ये ही चटणी एकजीव होते आणि तिची मजा जाते. ठेचलेल्या चटणीत लसणीचा तुकडा दाताखाली येतो, त्यासाठी आमचा मुलगा आणखी एक चीला मागतो.

आईंना चीला मऊ लागतो. त्यांच्यासाठी पिठात दोन चमचे दही घालते आणि झाकण अर्धा मिनिट जास्त ठेवते. एकाच पिठात दोन वयांची सोय होते.

सकाळी ८.००

भाजीवाली दारात टोपली उतरवते. हिवाळ्यातली टोपली बघत राहावी अशी असते. लाल भाजी, तिवऱ्याची कोवळी भाजी, मेथी, मुनगा म्हणजे शेवगा, लहान लहान भाटे म्हणजे वांगी. आणि टमाटर! आमच्या दुर्ग जिल्ह्यातला धमधा भाग टमाटरांसाठी प्रसिद्ध आहे. या दिवसांत तिथला माल बाजारात येऊन पडतो आणि किलोचा विचार करणारी बाई पाच किलो घेऊन बसते.

आज मी चना भाजी घेतली. हरभऱ्याचे कोवळे शेंडे. शेतकरी ते खुडतो त्यामागे हिशोब आहे. शेंडा खुडला की झाड बाजूने फुटवे धरतं आणि पुढे घाटे जास्त लागतात. म्हणजे एकाच रोपातून आधी भाजी, मग हिरवा हरभरा, मग वाळलेले चणे, मग डाळ आणि शेवटी बेसन. आपल्या सगळ्या स्वयंपाकघरांवर या एका झाडाचे केवढे उपकार आहेत!

भाजीवाली पैसे पदरात बांधताना रोजचा प्रश्न विचारते, "का साग रांधे हस, दीदी?" आज काय भाजी केलीस. छत्तीसगडमध्ये खुशाली अशी विचारतात. हा प्रश्न मला फार आवडतो. घरात रांधलं जातंय याचा अर्थ घर धडधाकट आहे, हे तिला ठाऊक आहे.

सकाळी ९.३०

आता दिवसाचं मोठं काम. मी दुपारचे आठ डबे करून देते. भिलाई हे शिकवण्यांचं गाव. जगदलपूर, कांकेर, बालाघाट अशा ठिकाणांहून मुलं इंजिनीअरिंग आणि मेडिकलच्या परीक्षांच्या तयारीसाठी इथे येऊन खोल्या घेऊन राहतात. २०१६ मध्ये भिलाईच्या नावाने आयआयटीही सुरू झाली, तेव्हापासून आईबापांच्या डोळ्यांतलं स्वप्न आणखी जवळ आलंय. या मुलांना वर्षभर रोज खाता येईल असं जेवण लागतं. हॉटेलचं पनीर चार दिवस गोड लागतं. पाचव्या दिवशी मूल वरणभात मागतं.

डबे सुरू केल्यापासून एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. पदार्थ कमी केले म्हणून स्वयंपाक सोपा होत नाही. एका कामाच्या पोटात पुढची तीन कामं ठेवली की होतो. म्हणून माझ्याकडे डाळ दिवसातून एकदाच शिजते.

तुरीची डाळ धुऊन अर्धा तास भिजवलेली, हळद, हिंग आणि अर्धा चमचा तेल. तेलाने फेस कमी येतो आणि कुकरची शिट्टी चोंदत नाही. मीठ नाही आणि आंबट तर मुळीच नाही. चिंच, आमसूल, टोमॅटो यांतल्या आंबटपणाने डाळ शिजायला वेळ लावते, म्हणून आंबटाची पाळी डाळ मऊ झाल्यावर. कुकर उघडला की डाळीच्या चार वाटण्या होतात. वरवरचं पाणी साराला. दाट डाळीतला एक वाटा भाजीला. वाटीभर साधं वरण आईंना, तूप-मीठ-भातासोबत. उरलेली डाळ डब्यात भरून रात्रीसाठी, गार झाली की फ्रिजमध्ये.

चना भाजीला स्वतःचाच आंबटपणा असतो, म्हणून तीही कच्च्या डाळीबरोबर कुकरला लावत नाही. बारीक चिरून, पाण्याचा हबका देऊन वेगळी शिजवायची, घोटायची आणि शिजलेल्या डाळीत मिसळायची. वर लसणीची चरचरीत फोडणी आणि दोन सुक्या मिरच्या. नागपूरची डाळभाजी पालकाची असते. इथे ती हरभऱ्याची झाली आणि जिभेने तक्रार केली नाही.

सकाळी १०.३०

आज गुरुवार, म्हणजे गोळाभात. मुलं याची वाट बघतात. विदर्भाचा हा पदार्थ लग्नाच्या पंगतीत मानाचा आहे आणि घाईच्या दिवशी हुकमाचाही.

चार माणसांचं प्रमाण सांगते. दोन वाट्या तांदूळ. एक वाटी चणाडाळीचं भरड पीठ, म्हणजे भरडा. बारीक बेसन घेतलं तर गोळे चिकट होतात, त्यामुळे डाळ चक्कीवर जाडसर दळून आणायची. पिठात हळद, तिखट, ओवा, हिंग, मीठ, चिमूटभर साखर आणि दोन मोठे चमचे कडकडीत तेल. हे मोहन पिठाला चोळून मूठ वळते का पाहायचं. मूठ वळली की पाण्याचा हात लावत घट्ट भिजवायचं आणि सुपारीएवढे गोळे करायचे. तिकडे उघड्या पातेल्यात तांदूळ शिजत असतो. पाणी आटत आलं आणि भातावर भोकं पडली की गोळे भातात खोचायचे, वरून भात ओढून घ्यायचा, घट्ट झाकण, पातेल्याखाली तवा, मंद आच. पंधरा मिनिटांत गोळे भाताच्या वाफेवर शिजतात. वेगळं तळण नाही, वेगळं भांडं नाही.

आता खरी गोष्ट म्हणजे वरचं तेल. लहान कढल्यात तेल तापवून मोहरी तडतडवायची, मग हिंग, लाल मिरची आणि ठेचलेला लसूण. ताटात गोळा कुस्करायचा, भातात कालवायचा आणि वर हे तेल. सोबत सार हवंच, कारण भरडा कोरडा असतो. डाळीच्या पाण्यात चिंचेचा कोळ, गूळ, मीठ, जिऱ्याची फोडणी आणि एक उकळी.

तांदूळ मी इथलाच घेते. छत्तीसगडला भाताचा तोटा नाही. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाच्या संग्रहात भाताच्या वाणांचे २३,००० हून अधिक नमुने आहेत आणि त्या संग्रहाचा पाया डॉ. आर. एच. रिछारिया यांनी गावोगाव फिरून घातला. सणाला नगरीचा दुबराज आणते. बारीक दाणा, घरभर वास. त्याला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. गोळाभाताला मात्र जरा जुना, मोकळा शिजणारा तांदूळ बरा.

दुपारी १२.३०

मुलं शिकवणीवरून परतताना डबे घेतात. बाकीची मला आंटी म्हणतात, बालाघाटचा एकटा काकू म्हणतो. त्याच्या घरी मराठी बोलतात आणि दारात उभं राहून दोन वाक्यं मराठीत बोलल्याशिवाय तो जात नाही. आज डब्याला हात लावून म्हणाला, "काकू, वरचं तेल वेगळं दिलंय ना?" दिलंय. लहान डबीत, झाकणाला रबर लावून. तेल आधीच भातावर घातलं तर दोन तासांत भात ते पिऊन टाकतो आणि खाणाऱ्याला चव लागत नाही.

परीक्षा जवळ आली की मुलं जेवणाकडे दुर्लक्ष करतात. डबा अर्धा परत आला तर मी दुसऱ्या दिवशी विचारते. कोणाला ताप असतो, कोणाचे टेस्टमध्ये मार्क कमी पडलेले असतात. मग त्या डब्यात मुगाची खिचडी जाते. चार पोळ्यांचा डबा दोन पोळ्यांवर आला की मुलाच्या मनात काहीतरी चाललंय हे आपल्याला त्याच्या आईच्या आधी कळतं. ही जबाबदारी मी मनापासून घेतली आहे.

दुपारी २.४५

हे परततात. आम्ही तिघं जेवायला बसतो. आई गोळा हातात घेऊन फोडतात, आत पांढरं कोरडं राहिलं नाही ना हे बघतात आणि मान डोलावतात. त्यांची मान डोलली की डबे बरोबर गेले असं समजायचं.

आई इथे आल्या तेव्हा सेक्टरांत झाडं लहान होती. प्लांटसाठी सोव्हिएत मदतीचा करार १९५५ चा. पहिल्या भट्टीचं उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते फेब्रुवारी १९५९ मध्ये झालं. मग सगळ्या देशातून माणसं नोकरीला आली, त्यांत गोंदिया-भंडाऱ्याकडचे माझे सासरेही होते. मराठी माणूस या मुलखात त्याच्याही कितीतरी आधीपासून आहे. नागपूरकर भोसल्यांपैकी बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ या काळात रतनपुरात राहून कारभार पाहत होते. पण आईंच्या मते सत्ता आली-गेली, टिकलं ते ताटातलं. इथली कढी, इथल्या बड्या, इथला अनरसा पाहिला की त्यांना आपण परक्या मुलखात आहोत असं कधी वाटलं नाही.

संध्याकाळी ४.३०

ऊन उतरलं की अंगणात खुर्च्या येतात. मेथी निवडायची असते, वाटाणे सोलायचे असतात. ही कामं एकटीने केली तर कंटाळवाणी. चौघींनी केली तर कधी संपली कळत नाही. शेजारी आंध्राच्या भाभी, पलीकडे केरळच्या, समोर राजनांदगावच्या दीदी. सेक्टर ५ ला बालाजी, सेक्टर २ ला अय्यप्पा, असं सगळ्यांचं दैवत या गावात नांदतं, आणि सगळ्यांचं स्वयंपाकघर आमच्या गल्लीत.

आमच्यात रिकामी वाटी परत करायची पद्धत नाही. सकाळी गोळाभात घेऊन गेलेली माझी वाटी आता गोंगुराच्या चटणीने भरून आली. गोंगुरा म्हणजे आपली अंबाडी. आम्ही तिची भाजी कण्या घालून करतो, भाभी तिला तेलात परतून लाल मिरचीसोबत वाटतात. पाला तोच, दोन घरांत दोन तऱ्हा. केरळच्या भाभींकडून मी मुनग्याच्या पानांत ओलं खोबरं घालायला शिकले. दीदींकडून उन्हाळ्यातली बासी शिकले. रात्रीच्या भातात पाणी घालून ठेवायचं आणि सकाळी कांदा, मीठ, दही, चटणीसोबत खायचं. मे महिन्यात भिलाई तापते तेव्हा यासारखं गार जेवण दुसरं नाही. कष्टकऱ्यांच्या या ताटाला सरकारनेही मान दिला आणि २०२२ मध्ये १ मेला बोरे बासीचा दिवस साजरा केला.

सोपं कसं रांधावं हे मला पुस्तकांइतकंच या खुर्च्यांवर बसून कळलं. प्रत्येक प्रांताचा सणाचा पदार्थ अवघड असतो. रोजचा मात्र कोणालाही दहा मिनिटांत समजतो, कारण तो थकलेल्या बाईनेच शोधून काढलेला असतो.

संध्याकाळी ७.३०

देवापाशी दिवा लागला, मुलगा अभ्यासाला बसला. आता फ्रिजमधली डाळ बाहेर. रात्री वरणफळं.

जाड बुडाच्या पातेल्यात तेल, मोहरी, जिरं, हिंग, कढीपत्ता, लसूण. त्यात डाळ आणि तिच्या दुप्पट-तिप्पट पाणी. तिखट, काळा मसाला, चिंच, गूळ, मीठ. उकळी फुटेपर्यंत सकाळच्या कणकेचा उरलेला गोळा लाटायचा आणि सुरीने चौकोनी तुकडे कापायचे. तुकडे एकेक करून उकळत्या वरणात सोडायचे. सगळे एकदम टाकले तर गठ्ठा होतो, आणि उकळी बसली असताना टाकले तरी होतो. दहा मिनिटं शिजले की तुकड्याचा रंग पालटतो आणि कच्च्या पिठाचा वास जातो. वरून तूप आणि सांबार. एका ताटलीत पोळी, वरण, आंबट, गोड, तिखट सगळं आलं. घासायला पातेलं एकच.

यांना ही वरणफळं फार आवडतात. उद्या पुन्हा पावणेपाचचा गजर असला तरी वरणफळांच्या रात्री हे दुसऱ्यांदा वाढून घेतात आणि जेवता जेवता मिलमधल्या गोष्टी सांगतात.

रात्री ९.१५

पुण्याहून मुलीचा फोन. नवी नोकरी, मैत्रिणीबरोबरची खोली, एका शेगडीचा संसार. मी तिच्याबरोबर कमलाबाई ओगल्यांचं 'रुचिरा' पाठवलं आहे. १९७० चं पुस्तक, आणि अजून नव्या मुलींच्या हाताला लागू पडतं, कारण त्यातली मापं वाटी-चमच्याची आहेत. तराजू कोणाच्या खोलीत असतो?

"आई, ऑफिसातून यायला आठ वाजतात. मग काही करावंसं वाटत नाही."

"आठला करायला सुरुवातच करू नकोस. सकाळी आंघोळीला जाताना वाटीभर डाळ कुकरला लाव. भिजवायला वेळ नसेल तर मुगाची घे, ती लवकर शिजते. निघताना गार करून फ्रिजमध्ये ठेव."

"मग रोज वरणच खायचं का?"

"डाळ एक, जेवणं वेगळी. सोमवारी लसणीची फोडणी दे आणि भात लाव. मंगळवारी त्यात मूठभर पालक चिरून टाक. बुधवारी टोमॅटो घालून पातळ सार कर आणि ब्रेड बुडवून खा. गुरुवारी कणकेचे तुकडे सोड. दोन दिवसांपेक्षा जास्त डाळ साठवायची नाही, एवढं पाळ."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी मैत्रिणीला सांग, तिच्या घरी काय करतात ते शिकव म्हणावं. ती कुठली?"

"ओडिशाची."

"मग तिला डालमा विचार. डाळ आणि भाज्या एकत्र शिजवतात, वरून जिरं-मिरची. शिकलीस की मला मापं सांग, परवाच्या डब्यांना करीन."